धुरी दिल्यावर मातीत मागे काय उरतं?

माझ्या मामेभावाचं पवना मावळात जरबेराचं पॉलिहाऊस आहे. गेल्या वर्षी नव्या लागवडीआधी त्याने सगळे बेड फॉर्मॅलिनने निर्जंतुक करून घेतले. आधीच्या पिकात मूळकूज शिरली होती, त्यामुळे काहीतरी करणं भागच होतं. लागवड झाली आणि पहिले सहा-सात आठवडे झाडं इतकी जोमात आली की मामी म्हणाली, "खत हात राखून घातलंय, तरी पानं बघ कशी काळपट हिरवी झालीत." मग चौथ्या महिन्यात पाण्याच्या टाकीकडच्या दोन बेडांत झाडांनी माना टाकायला सुरुवात केली. रोप उपटून बघितलं तर मुळं तपकिरी, बोटांत धरली की साल सुटून यायची. आणि या वेळी रोग मागच्यापेक्षा झपाट्याने पसरला. भावाने फोन केला. "ताई, माती तर औषधाने साफ केली होती ना? मग हे आलं कुठून? आणि साफ केल्यावर झाडं आधी एवढी हिरवी कशी झाली?"

मी पुण्यात माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तळेगाव, कामशेत, जुन्नरकडून येणारे बरेच जण हाच प्रश्न आपापल्या शब्दांत विचारतात. दोन्ही प्रश्नांच्या उत्तराचं मूळ एकच आहे, पण ते फोनवर पाच मिनिटांत सांगून होत नाही. म्हणून नीट लिहून काढते आहे.

धुरी हा शब्द आपल्या घरातला आहे. शेगडीत ओवा-वावडिंग टाकून न्हाऊ घातलेल्या बाळाला देतात ती धुरी. मातीला देतात ती मात्र डोळ्यांना दिसत नाही. द्रव ओता नाहीतर दाणे मिसळा, मातीत गेल्यावर काम करतो तो त्यातून सुटणारा वायू. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून तो वाट काढत जातो आणि वाटेत जे जिवंत भेटेल त्याच्यावर चालतो. मूळ कुजवणारी बुरशी, सूत्रकृमी, तणाचं बी, गांडूळ, नत्राचं म्हणजे नायट्रोजनचं काम करणारा जिवाणू, सगळे त्याला सारखेच.

एके काळी या कामात मिथाईल ब्रोमाईडचं राज्य होतं. हा साध्या हवेत वायूरूपातच असतो, त्यामुळे मातीत खोलवर आणि पटकन पसरतो. पण तो वर जाऊन ओझोनचा थर खातो हे कळलं आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराच्या यादीत १९९२ मध्ये त्याचं नाव आलं. विकसित देशांनी २००५ पर्यंत आणि आपल्यासारख्या देशांनी २०१५ पर्यंत शेतातला वापर थांबवायचा असं ठरलं. निर्यातीच्या मालाला आणि लाकडी पेट्यांना किडीसाठी देतात ती धुरी या बंदीतून वगळली आहे.

त्याच्या जागी जी औषधं पुढे आली त्यातली मेटाम सोडियम आणि डॅझोमेट ही दोन समजून घ्यायची तर स्वयंपाकघरात जावं लागेल. मोहरीचा कोरडा, अख्खा दाणा हुंगला तर काहीच जाणवत नाही. तीच मोहरी पाणी घालून फेसली की नाकात झिणझिण्या येतात. दाण्यात एक एन्झाइम आणि एक साधं, निरुपद्रवी संयुग वेगवेगळ्या कप्प्यांत बंद असतात. दाणा फुटला, पाणी मिळालं की दोघांची गाठ पडते, एन्झाइम त्या संयुगाला तोडतं आणि आयसोथायोसायनेट नावाचं झोंबरं रसायन सुटतं. मेटाम आणि डॅझोमेट ओल्या मातीत तुटून याच कुळातलं मिथाईल आयसोथायोसायनेट तयार करतात. म्हणजे फेसलेल्या मोहरीचा झटका, पण कितीतरी पटींनी जास्त आणि बंद झाकणाखाली.

आपल्या पॉलिहाऊसवाल्यांत जास्त दिसतं ते फॉर्मॅलिन, म्हणजे पाण्यात विरघळवलेला ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड. ते पातळ करून बेडवर ओततात, वर आठवडाभर प्लास्टिक घालतात, मग भरपूर पाणी सोडून माती धुऊन काढतात. याबद्दल एक गोष्ट इथेच सांगते, पुढे राहून जायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात निश्चितपणे कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं. तोंडाला उपरणं बांधून फॉर्मॅलिन ओतणारी माणसं मी पाहिली आहेत. उपरण्यातून हा वायू अडत नाही. वायूसाठीचा कार्ट्रिजवाला मास्क, चष्मा आणि हातमोजे हवेतच, आणि शेडच्या बाजू उघड्या हव्यात.

आता मातीत कोण राहतं ते बघू. चमचाभर चांगल्या मातीत जिवाणूंची संख्या अब्जांत जाते. बुरशीचे धागे वेगळे. पण नुसती शिरगणती करून माती काम करते की नाही हे कळत नाही. त्यासाठी एन्झाइम मोजावी लागतात. पाठ्यपुस्तकात यांना विकरं म्हणतात. बोलताना सगळेच एन्झाइम म्हणतात, मीही तेच म्हणते. ही प्रथिनं असतात. सूक्ष्मजीव आणि मुळं ती तयार करतात आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. एखादं रसायन एका विशिष्ट जागीच तोडायचं किंवा जोडायचं.

यूरियाचंच घ्या. बेडमध्ये यूरिया टाकला की मुळं तो जसाच्या तसा फारसा उचलत नाहीत. यूरिएज नावाचं एन्झाइम आधी त्याचे तुकडे करून अमोनिया सुटा करतं. सकाळी बंद गोठ्याचं दार उघडल्यावर डोळ्यांना झोंबतो तो वास याच कामाचा, कारण गोमूत्रात यूरिया असतो आणि शेणामातीत यूरिएज. या एन्झाइमला विज्ञानाच्या इतिहासातही मान आहे. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये अबईच्या कुळातल्या एका शेंगेच्या दाण्यातून यूरिएजचे स्फटिक वेगळे काढले आणि एन्झाइम म्हणजे प्रथिनच हे दाखवून दिलं. १९४६ चं नोबेल पारितोषिक त्यांना यासाठी विभागून मिळालं.

दुसरं फॉस्फेटेज. सेंद्रिय पदार्थात अडकून पडलेलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, हे सोडवतं. तिसरं, काडीकचऱ्यातल्या सेल्युलोजच्या शेवटच्या तुकड्यांची साखर करणारं बीटा-ग्लुकोसिडेज. आणि चौथं डिहायड्रोजनेज, ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. ते पेशीच्या श्वसनाच्या साखळीतलं एन्झाइम आहे, त्यामुळे ते जिवंत पेशीतच काम करतं. पेशी मेली की त्याचं काम थांबलं.

बाकीच्या एन्झाइमांचं असं नाही, आणि इथेच पुष्कळ गैरसमज होतात. यूरिएज किंवा फॉस्फेटेज पेशीतून बाहेर पडून चिकणमातीच्या कणांना आणि ह्युमसला, म्हणजे पूर्ण कुजून उरलेल्या सेंद्रिय भागाला, चिकटून बसतं. तिथे त्याला आडोसा मिळतो. ज्या जिवाणूने ते तयार केलं तो मरून गेला तरी एन्झाइम कितीतरी दिवस, कधी महिनोन्‌महिने काम करत राहतं. सुतार गेला पण रंधा चालतोय, असं काहीसं. काळ्या मातीत हा आडोसा जास्त मिळतो, कारण तिच्या चिकणमातीच्या थरांना पृष्ठभाग खूप असतो. पॉलिहाऊसच्या बेडसाठी आपण मुद्दाम निचऱ्याची तांबडी माती आणतो, त्यात भाताचं तूस मिसळतो. तिथे चिकणमातीचा आधार कमी, त्यामुळे शेणखतातून आलेला ह्युमस हाच मोठा आडोसा.

म्हणून धुरीनंतर लगेच फक्त यूरिएज मोजलं तर माती ठीकठाक आहे असं वाटू शकतं. डिहायड्रोजनेज मोजलं तर खरं चित्र समोर येतं. ही चाचणी बघण्यासारखी असते. मातीत टीटीसी नावाचं रंग नसलेलं रसायन आणि थोडं पाणी घालून नळी बंद करायची आणि ३७ अंशांना २४ तास ठेवायची. जिवंत सूक्ष्मजीव श्वसन करताना त्या रसायनाचं लाल रंगद्रव्य करतात. दुसऱ्या दिवशी मिथेनॉल घालून हलवलं की लाल रंग वर येतो. भावाच्या बांधावरच्या, कधीच औषध न पडलेल्या मातीची नळी कोकम सरबतासारखी झाली होती. बेडच्या मातीची नळी, लागवडीला चार महिने होऊन गेले तरी, आमसूल नुसतं बुडवून काढलेल्या पाण्यासारखी. दोन्ही नळ्या खिडकीत शेजारी धरून मी फोटो काढला आणि त्याला पाठवला. त्यापुढे आकडे सांगायची फारशी गरज उरली नाही.

वेगवेगळ्या औषधांचा एन्झाइमांवर होणारा परिणाम सारखा नसतो. बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या बरण्या आठवा. बेडूक, साप, कसलेकसले जीव वर्षानुवर्षं तसेच. ते फॉर्मॅलिनमध्ये टिकतात, कारण फॉर्माल्डिहाइड प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना टाचून टाकतं. टाचलेलं प्रथिन कुजत नाही आणि कामही करत नाही. मातीतही तेच होतं. फॉर्मॅलिन जिवाणू मारतंच, शिवाय मोकळ्या एन्झाइमांनाही जायबंदी करतं. आयसोथायोसायनेट प्रथिनांमधल्या गंधकाच्या आणि नत्राच्या गटांना जाऊन चिकटतं. ज्या एन्झाइमच्या कामाच्या जागेपाशीच असा गंधकाचा गट असतो, त्यांना त्याचा फटका बसण्याची शक्यता जास्त. यूरिएज त्यातलंच. उलट क्लोरोफॉर्मची वाफ पेशीचं आवरण फोडते, पण आतली बरीचशी एन्झाइम तशीच बाहेर सांडतात.

आता भावाचा पहिला प्रश्न. झाडं हिरवी का झाली?

हे कोडं शंभर वर्षांपेक्षा जुनं आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रसेल आणि हचिन्सन यांनी १९०९ मध्ये मातीला उष्णता देऊन आणि वाफ होणारी रसायनं वापरून अर्धवट निर्जंतुक केलं, तेव्हा त्या मातीत अमोनिया वाढला आणि पीकही जोरात आलं. त्यांनी तर्क केला की जिवाणू खाणारे एकपेशीय प्राणी मेले, म्हणून जिवाणू मोकाट वाढले. तो तर्क पुढे पूर्णपणे टिकला नाही. मोठं कारण जास्त साधं निघालं. मातीत मेलेले अब्जावधी सूक्ष्मजीव हेच खत झाले. जिवाणूच्या कोरड्या वजनाचा साधारण निम्मा भाग प्रथिनांचा, म्हणजे नत्राने भरलेला. धुरीतून वाचलेले आणि नंतर आलेले थोडे जिवाणू या मेजवानीवर तुटून पडतात आणि उरलेलं नत्र अमोनियाच्या रूपात मातीत सुटतं. झाडाला ते आयतं मिळतं.

म्हणजे मामीने पाहिलेला हिरवा रंग खरा होता, पण तो मुद्दल मोडून आलेला पैसा होता. वर्षानुवर्षं शेणखतातून, मुळांच्या स्रावातून, पडलेल्या पानांतून मातीने जे जिवंत भांडवल साठवलं होतं, ते दोन महिन्यांत खर्चून टाकलं. धुरीने मातीची ताकद वाढते असं मला पुष्कळ जण ठामपणे सांगतात, कारण त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यांचं पाहणं चुकीचं नाही. फक्त ते दर वेळी दुसऱ्या महिन्यापर्यंतच पाहतात.

या मेलेल्या जिवांच्या हिशोबावर शास्त्रज्ञांनी एक सुंदर पद्धत उभी केली आहे. मातीत जिवंत वस्तुमान किती, हे मोजण्यासाठी मातीचे दोन भाग करतात. एकाला २४ तास क्लोरोफॉर्मची धुरी देतात, दुसऱ्याला नाही. मग दोन्हींतून विरघळणारा कर्ब काढून मोजतात. धुरी दिलेल्या भागात जितका जास्त निघाला तितका फुटलेल्या पेशींतून आला. या विचाराची पहिली पद्धत जेन्किन्सन आणि पॉल्सन यांनी १९७६ मध्ये मांडली, आणि आज जास्त वापरली जाणारी सुधारित पद्धत १९८७ मध्ये आली. दोन्ही वेळा काम त्याच रोथॅमस्टेडमध्ये झालं. मातीतल्या एकूण सेंद्रिय कर्बापैकी जिवंत सूक्ष्मजीवांचा वाटा साधारण १ ते ५ टक्केच भरतो. सगळा कारभार एवढ्याशा भागावर चालतो.

हिरव्या रंगाला आणखी एक बाजू आहे. निरोगी मातीत अमोनिया फार काळ अमोनिया राहत नाही. नायट्रोसोमोनास आणि त्यांच्यासारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टरसारखे दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट. ही मंडळी नाजूक असतात आणि फार सावकाश वाढतात. पोटातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. यांना त्यासाठी अर्धा दिवस, कधी दोन दिवस लागतात. धुरीनंतर नायट्रेट करणारी ही साखळी पुन्हा सुरळीत व्हायला कितीतरी आठवडे जातात. तोवर अमोनिया साचत राहतो. अमोनियावर वाढलेली पानं गडद हिरवी, मोठी आणि लुसलुशीत होतात, झाड कॅल्शियम कमी उचलतं आणि पेशी मऊ राहतात. अशा मऊ झाडाला रोग लवकर पकडतो. म्हणून धुरीनंतर पहिले काही आठवडे यूरिया आणि अमोनियायुक्त खतं आवरून नायट्रेटच्या रूपातलं नत्र, उदाहरणार्थ कॅल्शियम नायट्रेट, द्यावं असं मी सांगते. भावाने त्या काळात ड्रीपमधून यूरिया सोडला होता. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, दुकानातून मिळालेल्या खताच्या वेळापत्रकात तेच लिहिलेलं होतं.

दुसरा प्रश्न, रोग आला कुठून.

रान जाळलं की पहिल्या पावसात तिथे कोण उगवतं? झपाट्याने वाढणारं तण. धुरी दिलेल्या मातीतही परत येण्याचा क्रम असाच असतो. आधी जाड कवचाचे बीजाणू करून तग धरलेले बॅसिलससारखे जिवाणू उठतात, मग भराभर वाढणारे इतर जिवाणू. जिवाणूंची संख्या पुष्कळदा काही आठवड्यांत पहिल्याइतकी किंवा जास्तही होते. पण ती गर्दी मोजक्याच जातींची असते. एखाद्या पेठेतली सगळी दुकानं बंद पडून पुन्हा उघडली, पण सगळी मोबाईलची निघाली, तर गर्दी दिसेल आणि किराणा मिळणार नाही. बुरशींचं परत येणं जास्त सावकाश. त्यातही ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरश्यांवर मात करणारी उपयोगी बुरशी बऱ्यापैकी चिवट असते आणि लवकर परतते, हे आपलं नशीब.

मूळकुजीची पिथियम आणि फायटोप्थोरा ही मंडळी पाण्यातून पोहत येतात. त्यांच्या बीजाणूंना शेपट्या असतात. एरवीच्या मातीत त्यांना मुळापर्यंत पोहोचायला गर्दीतून वाट काढावी लागते. वाटेत त्यांना खाणारे असतात, त्यांच्याविरुद्ध रसायनं सोडणारे असतात, मुळाभोवतीची साखर आधीच पटकावून बसलेले असतात. धुरी दिलेल्या बेडमध्ये रस्ता मोकळा. म्हणून निर्जंतुक केलेल्या मातीत रोग नव्याने शिरला तर तो साध्या मातीपेक्षा जास्त वेगाने पसरतो, हे रोपवाटिकावाल्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. भावाच्या टाकीत पाणी ओढ्यावरून येतं, आणि टाकीचा कॉक गळत असल्यामुळे ते दोन बेड सतत ओले राहायचे. औषध खराब नव्हतं. घर रिकामं होतं आणि दार उघडं होतं.

या रिकाम्या घरात आणखी एका पाहुण्याची उणीव राहते, ती मायकोरायझाची. ही बुरशी मुळात शिरून बाहेर दूरवर धागे पसरते आणि स्फुरद, जस्त आणून देते. ती मुळाशिवाय वाढत नाही, म्हणून एकदा गेली की सहज परत येत नाही. अमेरिकेत धुरी दिलेल्या रोपवाटिकांमध्ये लिंबूवर्गीय रोपं खत घालूनही खुजी राहायची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लक्षात आलं की कमी पडतंय ते मायकोरायझा. फॉस्फेटेज आधीच घटलेलं आणि वर मायकोरायझा नाही, म्हणजे माती परीक्षणाच्या कागदावर स्फुरद भरपूर आणि झाडाच्या पानात मात्र कमी, असं होऊ शकतं.

मग धुरी द्यायचीच नाही का? मी असं म्हणणार नाही. मूळकूज किंवा सूत्रकृमी हाताबाहेर गेले असतील, पीक दोन-तीन वर्षं त्याच बेडवर राहणार असेल आणि एका रोपामागे एवढा पैसा जात असेल, तर कधीकधी दुसरा इलाज नसतो. माझा आक्षेप आहे तो दर लागवडीला, रोग असो-नसो, सवय म्हणून धुरी देण्याला. वारंवार दिलेल्या धुरीने मातीला सावरायला वेळच मिळत नाही.

आणि द्यायचीच तर वाफशावर द्या. वाफसा हा आपल्या शेतकऱ्यांचा शब्द इथे विज्ञानाला अगदी चपखल बसतो. माती चिकटही नको, धुळीसारखी कोरडीही नको. वायू पाण्यातून हवेपेक्षा सुमारे १० हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे चिंब मातीत औषध जिथे पडलं तिथेच अडकतं. अगदी कोरड्या मातीत उलटा घोटाळा होतो. रोगाचे बीजाणू आणि तणाचं बी झोपलेलं असतं, आणि झोपलेला जीव मरायला कठीण. दोन-तीन दिवस आधी पाणी देऊन त्यांना जागं करायचं आणि वाफसा आला की औषध.

धुरीच्या आधी उन्हाचा विचार करा, असं मी आवर्जून सांगते. पुण्याचा एप्रिल-मे फुकट जाऊ देऊ नये. ओलावलेल्या बेडवर पारदर्शक पातळ प्लास्टिक ताणून, कडा मातीत गाडून चार ते सहा आठवडे ठेवलं की वरच्या थरातलं तापमान ४५ ते ५० अंशांच्या पुढे जातं. ही पद्धत इस्रायलमध्ये याकोव कटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडली. बरेच जण यासाठी घरात असलेला काळा मल्चिंग पेपर वापरतात आणि म्हणतात फायदा झाला नाही. काळ्या कागदात कागद तापतो; पारदर्शकातून ऊन आत जातं आणि माती तापते. या उन्हाच्या तापाने रोगाच्या बऱ्याच बुरश्या मरतात, पण उष्णता सोसणारे बॅसिलस, ॲक्टिनोमायसीट्स असे जिवाणू मागे राहतात. एन्झाइमांची घटही सहसा रसायनाइतकी खोल नसते. खोल थरात ताप पोहोचत नाही, ही त्याची मर्यादा.

भावाने ते दोन बेड उपटून या मे महिन्यात असंच केलं. कॉक बदलला, टाकीच्या पाण्याला गाळणी आणि क्लोरिनची सोय केली. प्लास्टिक काढल्यावर चांगलं कुजलेलं शेणखत आणि त्यात पंधरा दिवस सावलीत वाढवलेली ट्रायकोडर्मा मिसळली, लावताना रोपांच्या मुळांशी मायकोरायझा दिली. मागच्या वेळी फॉर्मॅलिन धुतल्यावर चौथ्याच दिवशी त्याने ट्रायकोडर्मा सोडली होती. माती नीट धुतली गेली नसेल तर उरलेल्या औषधात ती मरणारच. जुलैअखेर त्या बेडांची माती मी पुन्हा नळीत घातली. कोकम सरबत अजून झालेलं नाही, पण गुलाबी रंग स्पष्ट आहे, आणि बाकीच्या बेडांपेक्षा गडद.

औषध मातीतून गेलं की नाही हे कळायला महागडं यंत्र लागत नाही. डॅझोमेटसारख्या औषधासाठी जगभर एक साधी चाचणी वापरतात आणि तिला लागणारं बी मामीच्या डब्यात बाळंतिणीच्या लाडवांसाठी कायम असतं. अळीव. काचेच्या दोन बरण्या घ्यायच्या. एकीत धुरी दिलेल्या बेडच्या खालच्या थरातली माती अर्धी भरायची, दुसरीत धुरी न दिलेली. ओल्या कापसावर अळीव पसरून कापूस आत मातीच्या वर ठेवायचा आणि झाकण घट्ट लावायचं. मातीत वायू उरला असेल तर तो बरणीत साचतो आणि बी उगवत नाही, किंवा उगवून कोंब पिवळा पडतो. दोन-तीन दिवसांत उत्तर मिळतं.

शेजारच्या काकांनी यंदा त्यांच्या शेडमध्ये डॅझोमेट वापरलं. रोपं येऊन पडली होती आणि त्यांना लावायची घाई झाली होती. मामीने त्यांच्याकडून चार बेडांची माती मागून घेतली, पाचवी बांधावरची, आणि ओट्यावर बरण्या मांडल्या. तिसऱ्या दिवशी बांधावरच्या आणि तीन बेडांच्या बरण्यांत हिरवी लव आली होती. चौथ्या बेडच्या बरणीत बी ओलं होऊन फुगलं होतं, नुसतंच. काकांनी तो बेड पुन्हा खणून मोकळा केला आणि त्याची रोपं आणखी दहा दिवस ट्रेमध्येच ठेवली.